देखरेखीखाली

महिन्याच्या तीस तारखेला सात्ताप्पा कडगावहून रजिस्टर घेऊन येतो,
द्रव नत्राच्या कॅनशेजारी बांधलेलं,
खताच्या पिशवीत गुंडाळलेलं.
शेवटच्या रकान्यात मी सही करते:
वरील सर्व कामे माझ्या देखरेखीखाली झाली.
चौदा गावं, एक मी.
देखरेखीला पाय असते तर
ती पाटगावच्या चढालाच धापा टाकत बसली असती.

त्याची पदविका दोन वर्षांची, माझी पदवी साडेपाच.
मधल्या साडेतीन वर्षांत काय असतं
हे मला विचारू नका, मी सांगत बसेन:
घोड्याचे दात,
आयुष्यात न भेटलेल्या उंटाची पोटं.

कोल्हापूरहून, जिल्हा परिषदेतून, परिपत्रक आलंय.
त्यानं करायच्या कामांची यादी. वर ठळक शब्द: किरकोळ सेवा.
मलमपट्टी किरकोळ. लस किरकोळ. जंताचं औषध किरकोळ.
अडलेली म्हैस यादीत नाही.
"मॅडम, किरकोळ म्हंजे कुठनं कुठपर्यंत?
मनगटापर्यंत हात घातला तर किरकोळ,
आणि कोपराच्या वर गेला की गुन्हा?"
मी हसले.
तो हसला नव्हता.

यादी वाईट आहे असं मी म्हणणार नाही.
नदीपलीकडे एका पोरानं,
औषधाच्या दुकानात चार महिने काढलेल्या,
थंड पडलेल्या म्हशीला शिरेतून कॅल्शियम सोडलं.
भराभर, कारण पुढच्या गोठ्यावर जायचं होतं.
हृदय थांबायला बाटलीचा तिसरा हिस्सा पुरला.
पंचनामा मी केला.
शिंगांना पाडव्याचा रंग होता, एक मोरपीस अजून अडकलेलं.
नियम अशाच एखाद्या बाटलीतून येतो
आणि मग सगळ्यांच्याच हातांवर सांडतो.

तर, आक्काताई मगदुमांची म्हैस.
रात्री पावणेदोन. मी आजऱ्याच्या बाजूला,
एका गाईच्या पोटफुगीत अडकलेली.
मध्ये बत्तीस किलोमीटर.
त्याचा फोन स्पीकरवर, कुट्टीच्या ढिगावर ठेवलेला.
"पीळ हाय मॅडम. उजवा. वाट स्क्रूवानी फिरलीया."
मी म्हणायला हवं होतं: थांब, हात काढ.
मागं म्हैस कण्हत होती,
दात खाल्ल्यासारखा आवाज, मग नुसता श्वास.
मी म्हणाले, फळी आहे का?
"दाराची काढतो की मी," आक्काताईचा आवाज.

उजव्या कुशीवर पाडली. फळीवर एक माणूस उभा केला.
चौघांनी पायांचे दोर धरले.
मी इकडे कानाला खांद्यानं फोन दाबून,
गाईच्या नळीचं तोंड धरून मोजत होते.
एक पलटी. "न्हाई."
दुसरी. "न्हाई मॅडम."
तिसरीला सात्ताप्पा गप्प झाला.
इतका, की कुट्टीतला किडा मला ऐकू आला.
मग पाणी पडल्याचा आवाज, घागर कलंडावी तसा.
आणि बऱ्याच वेळानं, कुणीतरी:
"रेडी हाय."

आज तीस तारीख.
त्या रात्रीपुढं त्यानं लिहिलंय: प्रथमोपचार.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक.
रकाना देखरेखीचा, आणि मी काही देखलं नव्हतं.
ऐकलं होतं.
ऐकण्याला रकाना नाही.

आक्काताईनं खरवस पाठवलाय,
मोठा डबा त्याला, छोटा मला.
गोठ्यानं आपली ज्येष्ठता यादी लावून टाकली.
सात्ताप्पा खिडकीतून बाहेर बघतोय,
मी पेन उघडून बसलेय, शाई वाळेपर्यंत.

डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात.
मी त्यात रेडीसाठी जंताचं औषध घातलं,
दहाव्या दिवशी, वजन बघून.
हे तो बिनधास्त देऊ शकतो,
मला न विचारता.
यादीत आहे. क्रमांक तीन.